शिराझचा मुलगा आणि जस्ताची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये बोगदा आला आणि भाग अर्ध्यातच अडकला, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा मजकूर. बोलण्यात आलं तसंच बरंचसं ठेवलंय. मध्ये वाजलेली दाराची बेल तेवढी काढून टाकलीय.

२०२० साल आठवा. सकाळी काढा, रात्री वाफ, आणि औषधाच्या दुकानातून आणलेली एक पट्टी : व्हिटॅमिन सी आणि झिंक. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कोणीतरी सांगायचं, "झिंक घे गं, इम्युनिटी वाढते." आमच्याकडे ती पट्टी फ्रिजवर, चाव्यांच्या शेजारी असायची. ती बघताना मला एक साधा प्रश्न पडायचा. झिंक म्हणजे जस्तच ना? बादलीवर, पत्र्यावर मुलामा देतात ते? टॉर्चच्या जुन्या सेलचं बाहेरचं भांडं ज्याचं असतं ते? मग ते माणसानं खायला हवं हे कोणी ठरवलं, आणि कधी?

मला वाटलं होतं उत्तर कुठेतरी दीडदोनशे वर्षं मागे सापडेल. तसं नाही. माणसाला जस्त लागतं हे अधिकृतपणे मान्य झालं १९७४ मध्ये. म्हणजे चंद्रावर माणूस उतरून पाच वर्षं झाली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आईबाबांचा तेव्हा जन्म झालेला होता. आणि हे मान्य करून घेण्यात सगळ्यात मोठा वाटा होता बिहारमधून अमेरिकेत आणि तिथून इराणला गेलेल्या एका डॉक्टरचा. त्यांचं नाव आनंद प्रसाद.

गंमत अशी की जस्ताशी आपली ओळख फार जुनी. उदयपूरजवळ झावर नावाचं गाव आहे. तिथे वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी हजारोंनी सापडल्या आहेत. जस्ताचं खनिज भट्टीत तापवलं की जस्त लोखंडासारखं वितळून खाली येत नाही, त्याची वाफ होऊन उडून जाते. ती वाफ हवेला न लागू देता थंड करून पकडायची, हे तंत्र झावरच्या लोकांनी बसवलं होतं आणि मध्ययुगात तिथे मोठ्या प्रमाणावर जस्त निघत होतं. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं जस्त काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. तर धातू म्हणून जस्त आपण कधीच ओळखत होतो. ते आपल्या आतही आहे, आणि संपलं तर माणूस वाढायचा थांबतो, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

सुरुवात झाली बुरशीपासून. १८६९ मध्ये ज्यूल रोलँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं दाखवलं की पावावर येते तशी काळी बुरशी जस्ताशिवाय नीट वाढत नाही. १९२६ मध्ये वनस्पतींचं तेच सिद्ध झालं, १९३४ मध्ये उंदरांचं. १९५५ मध्ये अमेरिकेत अलाबामाला टकर आणि सामन यांनी डुकरांच्या एका त्वचारोगावर जस्त दिलं आणि तो बरा झाला. बुरशी, झाडं, उंदीर, डुकरं... आणि माणूस? माणसाबद्दल पुस्तकांचं म्हणणं असं की त्यालाही जस्त लागत असेल, पण कमी कशाला पडेल? मातीत जस्त, पाण्यात जस्त, धान्यात जस्त, डाळीत जस्त. इतकी सगळीकडे असलेली गोष्ट कमी पडणार कशी?

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या एका समजुतीच्या विरोधात आहे.

आता चला शिराझला. दक्षिण इराणमधलं, गुलाबांचं आणि कवींचं शहर. आनंद प्रसाद यांचा जन्म १९२८ चा, बक्सरचा. पाटण्याला डॉक्टर झाले, मग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात पीएचडी केली. तिथून १९५८ मध्ये ते शिराझला गेले, वैद्यकीय शिक्षणाचं काम उभं करायला. जस्त त्यांच्या डोक्यातही नव्हतं. रक्ताचे आजार हा त्यांचा विषय.

तिथल्या सादी रुग्णालयात त्यांना एक रुग्ण दाखवण्यात आला. वय २१ वर्षं. दिसायला दहा वर्षांचा. उंची तेवढीच, चेहऱ्यावर मिसरूड नाही, आवाज फुटलेला नाही, जननेंद्रियं लहान मुलासारखी. त्वचा कोरडी, खरखरीत. यकृत आणि प्लीहा वाढलेली. सगळ्यातच मंद, सुस्त. आणि रक्त तपासलं तर लोह एकदम कमी, जबरदस्त अ‍ॅनिमिया.

खाण्यात काय, तर जवळजवळ फक्त गव्हाची रोटी. थोडं दूध, बटाटे. मांस नाही. आणि रोज साधारण अर्धा किलो माती.

हो, माती. आपल्याकडेही गरोदर बाया भाजकी माती खातात, लहान मुलं भिंतीचे पोपडे खातात, हे तुम्ही ऐकलं असेल. पण रोज अर्धा किलो!

मला त्या मुलाचं नाव माहीत नाही, कागदोपत्री ते येतही नाही. पण मी त्याच्याबद्दल बराच विचार केला. एकवीस वर्षं तो गावात राहिला. त्याच्या बरोबरीच्यांची लग्नं झाली असतील. गावानं काय मानलं असेल? की हा असाच. घराण्यातच बुटकेपणा, किंवा नशीब. आणि तो एकटा नव्हता. एकदा डॉक्टरांची नजर तयार झाल्यावर थोड्याच काळात तसेच आणखी दहा जण सापडले. म्हणजे हा एखाद्या घराण्याचा दोष नव्हता, त्या भागातलं काहीतरी होतं.

प्रसाद यांना पहिली गोष्ट खटकली ती लोहाची. पुरुषाच्या अंगातलं लोह इतकं कमी होतं ते सहसा रक्तस्रावानं किंवा पोटातल्या हुककृमींनी. इथे दोन्ही नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त खटकणारी. लोह कमी पडलं म्हणून प्राण्यांमध्ये जननेंद्रियांची वाढ थांबल्याचं कुठे दिसत नव्हतं. लोहानं अ‍ॅनिमियाचा खुलासा होत होता, बुटकेपणाचा आणि न आलेल्या तारुण्याचा नाही.

रुग्णांना दवाखान्यात मांसाहारासह चांगलं जेवण आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. अ‍ॅनिमिया गेला. आणि शरीरावर केस यायला लागले, वाढ सुरू झाली! आता इथे एखादा डॉक्टर म्हणाला असता, छान, लोहानं बरा झाला, पुढचा पेशंट पाठवा. मला प्रसाद आवडतात ते इथे. ते म्हणाले, थांबा. आपण लोह दिलं, पण त्याबरोबर जेवणही बदललं. कशानं काम केलं?

एक छोटा पुरावा रक्तातच होता. उपचारांनंतर अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम वाढलं होतं. ते एन्झाइम चालायला जस्त लागतं. आणि उंदरांवरचे प्रयोग सांगत होते की जस्त काढून घेतलं तर वाढ खुंटते आणि वृषणं आक्रसतात. म्हणजे शिराझच्या मुलांचं चित्र तंतोतंत. १९६१ मध्ये या अकरा रुग्णांवरचा लेख अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात जस्ताचा संशय मांडला होता. फक्त संशय, कारण जस्त मोजलंच नव्हतं.

मोजणं झालं इजिप्तमध्ये. इराणहून प्रसाद अमेरिकेत परतले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात विल्यम डार्बी यांच्याकडे गेले. डार्बींनी त्यांना कैरोला पाठवलं, अमेरिकन नौदलाच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात. इजिप्तच्या खेड्यांमध्ये तसेच बुटके, तारुण्य न आलेले तरुण होते. हे माती खात नव्हते, पण भाकरी आणि शेंगादाण्यांवर, म्हणजे कडधान्यांवर, जगत होते आणि पोटात जंत भरपूर. यांचं रक्त, लाल पेशी, केस, सगळं तपासलं. सगळीकडे जस्त कमी. किरणोत्सारी जस्त टोचून त्याचा अंगातला प्रवास मोजला, तोही वेगळा निघाला.

मग खरी परीक्षा. काहींना लोह, काहींना फक्त चांगला मांसाहारी आहार, काहींना जस्त. जस्त मिळालेले तरुण एका वर्षात १२ ते १५ सेंटिमीटर वाढले. काही महिन्यांत तारुण्याची लक्षणं दिसली. बाकीच्या गटांपेक्षा स्पष्टपणे जास्त.

जरा डोळ्यांसमोर आणा. विशी गाठलेला माणूस, ज्याला गावानं 'असाच' म्हणून सोडून दिलंय, तो वर्षभरात अर्ध्या वितेहून जास्त उंच होतो. आवाज फुटतो. मिशी येते. आणि त्यासाठी दिलेली गोष्ट आपल्या बादलीवरच्या मुलाम्यात असते तीच.

एवढं झाल्यावर जगानं मान्य केलं असेल असं वाटतं ना? नाही केलं. पुढची दहा वर्षं वाद चालला. आक्षेप तोच जुना : जस्त सगळीकडे असताना कमी पडेल कसं? आणि त्या आक्षेपाला उत्तर देणं भाग होतं, कारण शिराझच्या रोटीत जस्त खरंच होतं. नुसतं होतं नव्हे, चांगलं होतं.

उत्तर रोटीतच मिळालं. धान्याच्या आणि कडधान्याच्या दाण्यात, मुख्यतः कोंड्यात, फायटेट नावाचा पदार्थ असतो. दाणा रुजताना कोंबाला लागणारं फॉस्फरस झाड त्यात साठवून ठेवतं. दाण्याच्या दृष्टीनं ती शिदोरी. पण आपल्या आतड्यात हे फायटेट जस्ताला आणि लोहाला धरून ठेवतं, सुटू देत नाही. मग ते जस्त तोंडातून गेलं तरी रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. शिराझमध्येच जॉन राइनहोल्ड यांनी १९७१ मध्ये तिथल्या रोट्यांचं मोजमाप छापलं. खेड्यातली रोटी, तिला तानोक म्हणतात, जाड्या पिठाची, न आंबवलेली; तिच्यात फायटेट भरपूर. शहरातल्या भट्टीतल्या आंबवलेल्या रोट्यांमध्ये कमी. कारण पीठ आंबताना फायटेट तुटतं. त्यात खेड्यातला मुलगा माती खातो, आणि तीही उरलेलं जस्त-लोह धरून बसते.

तर ताटात असणं वेगळं आणि अंगात येणं वेगळं. पोषणाच्या तक्त्यांनी ताट मोजलं होतं, अंग मोजलंच नव्हतं.

१९७२ मध्ये इराणमधूनच आणखी एक अभ्यास आला. सैन्यभरतीत अंगानं कमी म्हणून नाकारलेले १५ तरुण आणि त्यांच्याबरोबर दोन तरुणी. नुसत्या चांगल्या आहारावर ठेवलेल्यांची वाढ हळूहळू झाली, जस्त मिळालेल्यांची झपाट्यानं. या दोन तरुणींकडे लक्ष द्या. तोपर्यंतच्या सगळ्या नोंदी मुलग्यांच्या होत्या. मुलगा वयात आला नाही, सैन्यात घेतला गेला नाही, तर ते समाजाच्या डोळ्यांवर येतं. मुलगी बारीक, बुटकी, उशिरा मोठी होणारी राहिली, तर ती 'नाजूक'. हे माझं मत आहे, पण मला ते फारसं चुकीचं वाटत नाही.

शेवटचा धक्का आला १९७४ मध्ये लंडनमधून. तान्ह्या बाळांचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार होता. तोंडाभोवती, हातापायांवर चट्टे, केस गळणं, न थांबणारे जुलाब, आणि बहुतेकदा मृत्यू. डॉ. मॉयनाहन यांनी दाखवलं की हा जस्त शोषून न घेता येण्याचा आजार आहे आणि जस्त दिलं की बाळ बरं होतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं जस्ताला माणसासाठी आवश्यक घटक म्हणून मान्यता दिली आणि रोजचं प्रमाण ठरवलं.

एवढ्याशा जस्ताचं शरीरात काम काय? आपल्या सगळ्या अंगात मिळून ते जेमतेम दोनतीन ग्रॅम असतं, चिमूटभर. पण तीनशेहून जास्त एन्झाइमांना ते लागतं. शिवाय १९८५ मध्ये केंब्रिजमध्ये आरन क्लुग यांच्या गटानं, बेडकाच्या पेशींमधल्या एका प्रथिनावर काम करताना, एक छान गोष्ट सांगितली : काही प्रथिनं जस्ताचा अणू मध्ये धरून बोटांसारखा आकार घेतात आणि त्या बोटांनी डीएनए चाचपून योग्य ठिकाणी धरतात. यांना 'झिंक फिंगर' हेच नाव पडलं. पेशी वाढायची, दुभंगायची, तर डीएनए वाचावा लागतो. म्हणून जिथे वाढ जोरात, तिथे टंचाई आधी जाणवते. गर्भात, तान्हेपणी, वयात येताना. रोज झिजणाऱ्या आतड्याच्या अस्तरात. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत. आणि लोहासारखं जस्ताचं मोठं कोठार शरीरात नसतं. आज नाही मिळालं तर मागच्या महिन्याचं काढून वापरता येत नाही.

इथे थोडं वळण घेते, कारण याच दशकात आपल्याकडे जवळजवळ अशीच गोष्ट घडत होती, फक्त रुग्ण माणूस नव्हता. उत्तर प्रदेशच्या तराई भागात, आता तो उत्तराखंडात आहे, पंतनगरला नवं कृषी विद्यापीठ झालं होतं. तिथल्या भाताला एक रोग पडत होता. पानांवर गंजासारखे, काताच्या रंगाचे तपकिरी डाग, रोपं खुरटलेली, कणसं येत नाहीत. शेतकरी त्याला 'खैरा' म्हणायचे. आपल्याकडे खैर आणि कात म्हटलं की रंग लगेच कळेल. १९६० च्या दशकाच्या मध्यात या खैऱ्याचं कारण शोधलं यशवंत लक्ष्मण नेने यांनी. नाव ऐकूनच तुमच्या लक्षात आलं असेल. नेने होते वनस्पतिरोगतज्ज्ञ, म्हणजे बुरशी, जिवाणू, विषाणू शोधणारा माणूस. आणि त्यांनी सांगितलं की हा जंतूचा रोगच नाही, जमिनीतून भाताला जस्त मिळत नाहीये. झिंक सल्फेट आणि चुन्याचं पाणी फवारा. फवारलं, आणि भात हिरवा झाला.

शिराझच्या बाबतीत जे झालं तेच. मातीत जस्त असतं, पण चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत ते घट्ट बसतं, मुळांना सुटत नाही. महाराष्ट्रातल्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनींचीही हीच अडचण. गावाकडे कुणाची शेती असेल तर विचारा, कृषी सेवा केंद्रातून झिंक सल्फेटची पिशवी आणलेली असते. देशभरात तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास नमुन्यांत जस्त कमी सापडतं. मातीत कमी, तर दाण्यात कमी. दाण्यात आहे त्यातलंही फायटेट धरून ठेवतं. म्हणजे दुहेरी मार.

आता आपल्या ताटाकडे. केंद्र सरकारनं २०१६ ते २०१८ मध्ये मुलांच्या पोषणाचं मोठं सर्वेक्षण केलं, रक्त तपासून. एक ते चार वर्षांच्या मुलांत जस्ताची कमतरता १९ टक्के. पाच ते नऊ वर्षांत १७ टक्के. आणि १० ते १९ वर्षं? ३२ टक्के. दर तिघांमागे जवळजवळ एक. हा भाग ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण याच वयाचे किंवा नुकतेच त्यातून बाहेर पडलेले आहात, म्हणून आकडा मुद्दाम सावकाश सांगितला होता.

आणखी एक आकडा. अमेरिकेत प्रौढ पुरुषाला दिवसाला ११ मिलिग्रॅम जस्त पुरे धरतात, बाईला ८. आपल्या आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला १७ आणि बाईला १३.२. आपली शरीरं वेगळ्या मातीची नाहीत. ताट वेगळं आहे. पोळी, भाकरी, भात, डाळ, यावर मुख्य भिस्त, त्यामुळे फायटेट जास्त, म्हणून जास्त खावं लागतं. शिराझची तानोक रोटी शेवटी आपल्या सरकारी तक्त्यातही येऊन बसली, असं म्हणायला हरकत नाही.

आता कोणी लगेच म्हणेल, मग भाकरी सोडून मैदा खायचा का? नाही हो. मैद्यात फायटेट कमी असतं, पण कोंड्याबरोबर जस्तही गेलेलं असतं. उपाय आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. मटकीला, मुगाला मोड आणले की दाणा स्वतःच फायटेट तोडायला लागतो, कारण कोंबाला ते हवं असतं. पीठ आंबवलं की तेच. नाचणीची आंबील, आंबोळी, इडली. आमच्या आजीनं 'फायटेट' हा शब्द कधी ऐकला नव्हता, ती मोड पोटाला हलके लागतात म्हणून आणायची. म्हणून लगेच आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं असं मी म्हणणार नाही. पण पद्धत कामाची आहे. मांस, मासे, अंडी खात असाल तर त्यातलं जस्त सहज मिळतं, तिथे फायटेट नसतं. शेंगदाणे, तीळ, भोपळ्याच्या बिया, दूध-दही हेही आहेच. आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं गव्हाचं एक वाण काढलंय, एमएसीएस ४०२८, बन्सी प्रकारातलं. त्यात जस्त दर किलोला सुमारे ४० मिलिग्रॅम, लोह ४६, प्रथिनं पावणेपंधरा टक्क्यांच्या जवळ. पावसावर येणारं पीक, म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्यालाही पेरता येतं.

बरं, मग फ्रिजवरची ती पट्टी? ती पट्टी बहुतेकदा ५० मिलिग्रॅमची असायची. अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये कोविडच्या २१४ रुग्णांवर एक चाचणी झाली, काहींना रोज ५० मिलिग्रॅम झिंक, काहींना व्हिटॅमिन सी, काहींना दोन्ही. निकाल २०२१ मध्ये आला. लक्षणं लवकर गेली का? नाही, लक्षात येण्याजोगा फरकच नव्हता. चाचणी मध्येच थांबवली. ज्याच्या अंगात पुरेसं जस्त आहे त्याला आणखी देऊन तो सुपरमॅन होत नाही.

उलट नुकसान होतं, आणि हेही प्रसाद यांनीच पाहिलं. पुढे डेट्रॉइटला ते सिकल सेलच्या रुग्णांवर काम करत होते. हा आजार आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे बराच आहे. या रुग्णांच्या लघवीतून जस्त जास्त जातं, म्हणून त्यांना ते जास्त प्रमाणात दिलं जात होतं. काही काळानं अंगातलं तांबं कमी झालेलं दिसलं. जस्त जास्त झालं की आतडं तांब्याला आत घेत नाही, आणि तांबं कमी पडलं की पुन्हा अ‍ॅनिमिया. १९७८ मध्ये हे छापून आलं. मग याच दोषाचा उपयोगही झाला : विल्सन्स डिसीज नावाच्या आजारात अंगात तांबं साचतं, तिथे आता जस्त हे औषध आहे. पण आपण मनानंच महिनोन्महिने ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या खाऊ नयेत, एवढं यातून नक्की कळतं.

जिथे गोळी खरोखर हवी असते ती जागा वेगळी आहे, आणि तिची गोष्ट दिल्लीची. लहान मुलाला जुलाब झाले की पाण्याबरोबर जस्तही निघून जातं. जस्त गेलं की आतड्याचं अस्तर भरून येत नाही. अस्तर नाही म्हणून पुन्हा जुलाब. हे चक्र तोडता येईल का, हे दिल्लीच्या कालकाजी भागातल्या वस्त्यांमध्ये पाहिलं गेलं. सुनील सझावल, महाराज किशन भान आणि त्यांचे सहकारी यांनी ९३७ मुलं घेतली, सहा महिने ते तीन वर्षांच्या आतली. सगळ्यांना जीवनसत्त्वं, निम्म्यांना त्यात २० मिलिग्रॅम जस्त. १९९५ मध्ये निकाल आला : जस्त मिळालेल्या मुलांचे जुलाब लांबण्याचा धोका २३ टक्क्यांनी कमी, आणि पातळ शौचाची संख्या दिवसाला सरासरी ३९ टक्क्यांनी कमी. असे आणखी अभ्यास झाले आणि २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जगाला सांगितलं, जुलाब झालेल्या प्रत्येक मुलाला ओआरएसबरोबर जस्त द्या. इराणमध्ये सुरू झालेली ओळख आपल्याच एका शहरातून जगभर गेली.

आज अंगणवाडीत, आरोग्य उपकेंद्रात, आशाताईंच्या पिशवीत ओआरएसच्या पुडीबरोबर झिंकच्या १४ गोळ्या असतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, त्याहून मोठ्याला पाच वर्षांपर्यंत एक, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. फुकट मिळतात. घोळ पुढे होतो. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात, बाळ खेळायला लागतं, आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जातात. "आता कशाला उगाच औषध?" हे वाक्य मी माझ्याच नात्यात ऐकलंय. पण ते १४ दिवस नुसते जुलाब थांबवण्यासाठी नसतात. तिसऱ्या दिवसापर्यंत जे गेलं ते भरून काढायला पुढचे अकरा दिवस लागतात. कोर्स पूर्ण झाला तर पुढचे दोनतीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी राहते. म्हणजे जूनमध्ये चौदाही गोळ्या संपवलेल्या बाळाचा उरलेला पावसाळा बऱ्यापैकी सुखाचा जातो.

तुमच्या घरात, शेजारी, पाच वर्षांखालचं कोणी असेल तर आज फोन करून एवढंच विचारा, मागच्या वेळच्या गोळ्या संपवल्या होत्या का. काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.